संधिवात असलेल्या आई-वडिलांचं सांधेरोपण: या चुका टाळा

गुडघा बदलायचं ठरलं की घरातले सगळे गुडघ्याच्याच मागे लागतात. रूमॅटॉइड संधिवात हा मात्र अख्ख्या शरीराचा आजार. त्यामुळे इथल्या बऱ्याच चुका गुडघ्याबाहेरच होतात.

सगळ्यात महागात पडते ती औषधांची चूक. ‘ऑपरेशन आहे, जड औषधं बंद करू’ असं परस्पर ठरवू नका. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध साधारणपणे चालूच ठेवतात. ते थांबवलं तर संधिवात उफाळून येतो आणि नेमके व्यायामाचे दिवस वाया जातात. बायोलॉजिक इंजेक्शनांचं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून संधिवात आवरणाऱ्या इंजेक्शनांचं, उलट असतं. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून एक डोस टाळून शस्त्रक्रिया ठेवतात. दर दोन आठवड्यांनी अडॅलिमुमॅब हे बायोलॉजिक चालू असेल, तर शस्त्रक्रिया शेवटच्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात. शस्त्रक्रियेनंतर साधारण १४ दिवसांनी, जखम नीट भरली, टाके निघाले की इंजेक्शन पुन्हा सुरू करतात. रोजची स्टेरॉइडची गोळी तर एकदम कधीच तोडू नये, रक्तदाब कोसळू शकतो. तारीख घेण्याआधी संधिवाताचे डॉक्टर आणि सर्जन एकमेकांशी बोललेत का, हे विचाराच. आपण गृहीत धरतो, आणि तिथेच घोळ होतो.

मानेचं कुणाच्या लक्षातच येत नाही. जुन्या संधिवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. भूल देताना मान जास्त वाकवली गेली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मान दुखते, हाताला मुंग्या येतात, हे भूलतज्ज्ञांना सांगा आणि मानेचा एक्स-रे लागेल का तेही विचारा. दात किडलाय, लघवीला जळजळतंय, कुठे जखम आहे, तेही आधीच सांगून टाका.

वॉकर आणला, पण वाकड्या बोटांनी तो धरवतच नाही, हे ऑपरेशननंतर कळून काय उपयोग? आधी धरून पाहू द्या. मुठीऐवजी कोपरापुढचा हात टेकवून चालायचे वॉकरही मिळतात. फिजिओला अगदी सकाळची वेळ देऊ नका, तेव्हा सांधे आखडलेले असतात. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी देणं, ही माया नडते: गुडघा सरळ होईनासा होतो. उशी टाचेखाली ठेवा.

घरी आल्यावर प्रत्येक दुखणं ‘संधिवातच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या. जखमेतून पाणी येत असेल तर तापाची वाट पाहत बसू नका. स्टेरॉइड घेणाऱ्यांना संसर्ग झाला तरी ताप चढतोच असं नाही.