इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी: ऑफस्टेडच्या घरभेटीची तयारी कशी करावी

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी, मोबदला घेऊन, नात्याबाहेरील आठ वर्षांखालच्या मुलांना दिवसातून दोन तासांपेक्षा अधिक काळ सांभाळायचे असेल, म्हणजेच चाइल्डमाइंडर व्हायचे असेल, तर ऑफस्टेडकडे (शाळा व बालसंगोपन सेवांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. ऑफस्टेडचा मार्ग निवडल्यास नोंदणीचे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी निरीक्षक घरी येतात, घर पाहतात आणि अर्जदाराशी सविस्तर बोलतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये यंत्रणा व नियम वेगळे असल्यामुळे पुढील माहिती इंग्लंडपुरतीच समजावी. या भेटीच्या आदल्या दिवशी घर लखलखीत करण्यावर अनेक जणी आपली सारी शक्ती खर्च करतात. माझ्या मते त्यातला निम्मा वेळ घरातील धोके ओळखण्याला आणि आपली कामाची पद्धत नीट सांगता येण्याला दिला पाहिजे, कारण निरीक्षकांचे लक्ष मुख्यतः तिकडे असते.

प्रथम कागदपत्रे जुळवावीत

लहान मुलांसाठीच्या प्रथमोपचाराचा १२ तासांचा पूर्ण अभ्यासक्रम केल्याचे वैध प्रमाणपत्र हवे आणि ते दर ३ वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जी ईवायएफएस ही सरकारी चौकट लागू होते, तिची ओळख करून देणारे प्रशिक्षणही नोंदणीपूर्वीच पूर्ण झालेले असावे. याखेरीज आरोग्याविषयीचे घोषणापत्र लागते. पार्श्वभूमी तपासणारे डीबीएस प्रमाणपत्र तर केवळ अर्जदाराचे पुरत नाही. त्या घरात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या, १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळताच ३० दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसमध्ये (प्रमाणपत्र अद्ययावत ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेत) नाव नोंदवावे, कारण ही मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज करण्याची वेळ येते.

मराठी कुटुंबांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली गोष्ट नावाची. लग्नानंतर आडनावाबरोबर कधीकधी पहिले नावही बदलते, मधले नाव वडिलांच्या जागी पतीचे होते, आणि मग पदवी प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि बँकेत तिसरेच नाव असते. डीबीएसच्या अर्जात पूर्वीची सर्व नावे सांगावी लागतात. म्हणून विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचे राजपत्र असल्यास तेही मूळ प्रतींसह हाताशी ठेवावे. गेल्या पाच वर्षांत भारतात वास्तव्य झाले असेल, तर तेथील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळवण्याची तजवीज लवकर सुरू करावी.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांची. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील किंवा सासूसासरे ही आपल्याकडे नेहमीची बाब आहे, परंतु त्या काळात ते याच घरात राहत असल्यामुळे त्यांच्या येण्याविषयी ऑफस्टेडला आधीच विचारून घ्यावे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला काम करण्याची परवानगी नसते, त्यामुळे ‘आई मदतीला आहे’ हे उत्तर ‘सहायक कोण?’ या प्रश्नावर चालणार नाही. कितीही प्रेमळ असली तरी तपासणी न झालेल्या व्यक्तीच्या भरवशावर मुले एकटी सोडता येत नाहीत.

घर भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी परवानगी घेऊन ठेवावी.

आपल्या घरात किती मुले मावतात, ते मोजावे

एकटी चाइल्डमाइंडर एका वेळी आठ वर्षांखालील जास्तीत जास्त ६ मुले सांभाळू शकते. त्यांपैकी साधारण पाच वर्षांपर्यंतची ३ आणि त्या तिघांत एक वर्षाखालचे एकच बाळ, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. या संख्येत स्वतःची मुलेही धरली जातात, हे अनेकींच्या उशिरा लक्षात येते. जागेचा हिशेबही करावा: दोन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलामागे २.३ चौरस मीटर. यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जाण्यायेण्याची वाट धरत नाहीत. टेप घेऊन खोली मोजावी आणि आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

घर मुलाच्या उंचीवरून पाहावे

प्रत्येक खोलीत गुडघ्यांवर बसून सभोवती पाहावे. जिन्याला वर आणि खाली फाटक, खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्या आवाक्याबाहेर, काचेचे दार सुरक्षित काचेचे किंवा संरक्षक फिल्म लावलेले, औषधे व सफाईची द्रव्ये कुलपात, रिमोटमधील चपट्या बॅटऱ्या घट्ट बंद, बागेतले तळे झाकलेले किंवा कुंपण घातलेले, या गोष्टी बहुतेक याद्यांत सापडतात. धुराचा अलार्म प्रत्यक्ष दाबून पाहावा आणि फायर ब्लँकेट भिंतीवरून क्षणात काढता येते ना, याची खात्री करावी.

मराठी घरातल्या काही वस्तू मात्र अशा याद्यांत नसतात. देवघर जमिनीलगत असेल तर समई, काडेपेटी, उदबत्ती आणि विशेषतः कापूर मुलाच्या हाताला लागू शकतो. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात. म्हणून देवघर उंचावर न्यावे किंवा त्याला बंद दार करावे, आणि मुले घरात असताना दिवा पेटता ठेवू नये. सुपारीचा डबा, टिपॉयवरचा उकळता चहा आणि गॅसवरून नुकताच उतरवलेला कुकर यांचाही असाच विचार करावा.

खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर राहावे लागते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा काजू-बदाम देऊ नयेत, म्हणजे दाणे घातलेला चिवडाही त्यांच्यासाठी नाही. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, मग तो बाळगुटीतला का असेना. मूल खात असताना ते सतत दृष्टीसमोर आणि कानांच्या टप्प्यात असले पाहिजे, आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे मूल यायला लागण्यापूर्वीच पालकांकडून लिहून घ्यावे.

प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत बसवावीत

चाइल्डमाइंडरने सर्व धोरणे लेखी ठेवलीच पाहिजेत असा नियम नाही, परंतु ती तोंडी समजावून सांगता आलीच पाहिजेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार धोरणांच्या जाड फाइलपेक्षा स्वतः लिहिलेले एक पान मला अधिक उपयोगी वाटते, कारण त्यातले प्रत्येक वाक्य आपल्याला ठाऊक असते.

सर्वाधिक वजन बालसुरक्षेच्या प्रश्नांना असते. ‘मुलाच्या पाठीवर वळ दिसले तर काय कराल?’ असे विचारल्यास पुढील क्रम सांगता यावा: मुलाची उलटतपासणी करायची नाही, ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख व वेळेसह लिहायचे, स्थानिक कौन्सिलच्या बालसेवा विभागाला कळवायचे आणि तातडीचा धोका असल्यास ९९९ वर फोन करायचा. आरोप आपल्यावर किंवा घरातल्या कोणावर आला, तर स्थानिक बालसुरक्षा यंत्रणेबरोबरच ऑफस्टेडलाही लवकरात लवकर, उशिरात उशिरा १४ दिवसांत, कळवावे लागते. आपल्या कौन्सिलचे क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावेत.

वागणुकीविषयीही विचारले जाते. ‘लाडाने एखादा धपाटा’ ही सवय ज्या घरांत आहे, त्यांनी हे स्पष्ट समजून घ्यावे की चाइल्डमाइंडरने मुलावर हात उगारणे किंवा माराची धमकी देणे पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि या बाबतीत मला कोणतीही सवलत योग्य वाटत नाही.

ईवायएफएसमधील शिकण्याच्या सात क्षेत्रांची नावे पाठ करण्याऐवजी दिवसाचा एक खरा क्रम सांगावा. दीड वर्षाच्या मुलासोबत कणकेचे गोळे करताना हातांची हालचाल, मोजणी आणि बोलणे कसे साधते, हे सांगितले की निरीक्षकांना तुमची समज कळते. मुलांच्या देखभालीसाठी पुरेसे इंग्रजी यायला हवे, हे खरे आहे. त्याच वेळी घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला ती भाषा वापरण्याची संधी देणे हेही ईवायएफएसमध्ये अपेक्षित आहे. त्यामुळे मराठी गाणी-गोष्टींचा उल्लेख संकोच न करता करावा.

भेटीच्या दिवशी

निरीक्षकांचे ओळखपत्र पाहूनच त्यांना आत घ्यावे. ही दक्षता त्यांनाही अपेक्षित असते. मूळ कागदपत्रे एका फोल्डरमध्ये, विचारल्या जाण्याच्या क्रमाने लावलेली असावीत. स्वतःचे मूल लहान असल्यास त्या वेळेपुरती त्याची सोय करावी, म्हणजे बोलण्यात खंड पडत नाही. प्रश्न न कळल्यास पुन्हा विचारावा, आणि एखाद्या खोलीत काम अपुरे असल्यास ते कधी पूर्ण होईल, हे आपणहून सांगावे.

भेट चांगली झाली तरी प्रमाणपत्र मिळेपर्यंत पैसे घेऊन एकाही मुलाला सांभाळण्यास सुरुवात करू नये. मधल्या काळात सार्वजनिक दायित्वाचा विमा पक्का करावा, मुलांची माहिती किंवा छायाचित्रे फोनमध्ये साठवायची असतील तर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे (आयसीओ, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणारी ब्रिटिश संस्था) नोंदणी करावी आणि पालकांशी करायच्या कराराचा मसुदा तयार ठेवावा.