विंडोज ११ टाकल्यावर प्रिंटर, वजनकाटा किंवा श्रीलिपी गप्प झाली तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून किनारपट्टीवरच्या पतसंस्था, काजूचे कारखाने, मच्छीमार सोसायट्या आणि डीटीपीची दुकानं यांची मशीनं एकेक करून ११ वर चालली आहेत. अपग्रेड सहसा मुकाट्याने होतं. बोंब दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. प्रिंटर ओळखत नाही, काट्यावरचा आकडा बिलात उतरत नाही, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. यातली बहुतेक यंत्रं धडधाकट असतात, फक्त त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते यंत्र चालवायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर, जुना पडलेला असतो. तेव्हा नवीन प्रिंटरची चौकशी करण्याआधी हे बघून घ्या.

हातात दहा दिवस आहेत

विंडोज १० वरून थेट अपग्रेड केलं की जुनी सिस्टम सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहते. ती १० दिवस असते, मग आपोआप पुसली जाते. तोवर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या वाटेने ‘गो बॅक’ करून जुन्यावर परतता येतं. म्हणून या दिवसांत ‘जागा कमी आहे’ म्हणून डिस्क क्लीनअप चालवू नका, आणि पुतण्याने मोबाइलवर पाहिलेला कुठला क्लीनर तर नकोच.

या फोल्डरात आणखी एक घबाड असतं, आणि त्याची आठवण फार थोड्यांना होते. विंडोज डॉट ओल्ड, त्यात विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हरस्टोअर, मग फाइलरिपॉझिटरी. काल चालत असलेले सगळे ड्रायव्हर इथे पडून असतात. हे फाइलरिपॉझिटरी फोल्डर पहिल्याच दिवशी मोकळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. कंपनीची साइट जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर काढून टाकते, तेव्हा हाच कामाला येतो.

दुकानवाल्याने फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं असेल तर यातलं काहीच उरत नाही. मशीन देतानाच त्याला ‘फॉरमॅट नको, अपग्रेड कर’ असं सांगा.

आधी कोड वाचा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण असलेल्या नावावर डबल क्लिक केलं की ‘जनरल’ टॅबमध्ये कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण यंत्र सुरू होत नाही. ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब झालाय किंवा विंडोजने अडवलाय. ५२ म्हणजे त्याची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. २८ असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, आणि वर सांगितलेलं फोल्डर दाखवा. ‘सबफोल्डर’वरची टिक राहू द्या.

नेटचं कार्डच ओळखलं नसेल तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो.

यादीत यंत्राचं नावच नसेल तर मात्र दोष ड्रायव्हरचा नाही. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीच्या पत्र्यावर हिरवट थर चढतो आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. अपग्रेडच्या वेळी मशीन तीन-चारदा रीस्टार्ट होतं आणि अर्धमेला संपर्क नेमका तेव्हाच सुटतो, म्हणून बिल विंडोजच्या नावावर फाडलं जातं. प्लग काढा, रॅमच्या पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसा, चुरा झटका आणि रॅम दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. यूएसबीच्या तोंडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण वाळल्यावरच लाइट द्या. घड्याळ दरवेळी मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, आणि लोक ब्राउझर पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

वजनकाट्याची केबल

काजू कारखाना असो की आंब्याच्या पेट्यांचं वजन, काटा नऊ पिनांच्या सिरीयल केबलवर असतो आणि मध्ये यूएसबीचं कन्व्हर्टर असतं. इथला घोळ ठरलेला आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी, म्हणजे चिपच्या कंपनीचा क्रमांक, दिसतो. त्यापुढे ०६७बी असेल तर चिप प्रोलिफिकची, १ए८६ असेल तर सीएच३४० जातीची, ०४०३ असेल तर एफटीडीआयची.

प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ एचएक्सए चिपला कंपनीचे नवे ड्रायव्हर मुद्दाम नाकारतात. यंत्राच्या नावाच्या जागीच ‘२०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. केबल जळलेली नसते. त्या ओळीवर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’. यादीत तारखा आणि आवृत्त्या दिसतील. त्यातली जुनी, ३.३.११.१५२, निवडा. यादीत एकच नवी आवृत्ती असेल तर ‘हॅव डिस्क’ने जुन्या ड्रायव्हरचं फोल्डर दाखवा. विंडोज अपडेट कधीतरी पुन्हा नवी आवृत्ती बसवेल, तेव्हा हीच कृती परत करायची. वैताग नको असेल तर एफटीडीआय चिपची केबल घ्या. थोडी महाग पडते, पण हंगामात काटा अडून राहत नाही.

ड्रायव्हर बसला तरी आकडा येत नसेल तर कॉम नंबर, म्हणजे विंडोजने कन्व्हर्टरला दिलेला पोर्टचा क्रमांक, बघा. कन्व्हर्टर आधी कॉम३ वर होता, आता कॉम७ वर गेला असेल, आणि जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरांत बऱ्याचदा कॉम४ च्या पुढची सोयच नसते. ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ इथून नंबर बदला. बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवण्याचा वेग, काट्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच हवा. एकात ९६०० आणि दुसऱ्यात २४०० असेल तर चित्रविचित्र अक्षरं येतात. केबल दुसऱ्या यूएसबीत खोचली की बरेच कन्व्हर्टर नवा नंबर घेतात, म्हणून चालणाऱ्या तोंडाला रंगीत टेप लावून ठेवा.

श्रीलिपी, डोंगल आणि फॉन्ट

गणपतीच्या आधी पावती पुस्तकं आणि दशावताराची हँडबिलं रांगेत असताना डीटीपीचं मशीन अपग्रेड करू नये, हे आधीच सांगायला हवं. झालंच असेल तर डोंगलपासून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी यूएसबीत लावायच्या किल्लीपासून, सुरुवात करा. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि तिथे ‘कोअर आयसोलेशन’ बघा. तिथली ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असली की जुने डोंगल ड्रायव्हर अडतात, आणि बंद असून चालू होत नसेल तर अडणाऱ्या फाइलींची नावं तिथेच मिळतात. हॅस्प जातीच्या जुन्या डोंगलची ‘हार्डलॉक डॉट सिस’ ही त्यातली नेहमीची. मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद करून टाकणं हा आळशी उपाय झाला. डोंगल काढा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा सध्याचा रनटाइम (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, रीस्टार्ट करा आणि मगच डोंगल लावा.

डोंगल चालतोय, पण पेजमेकरमध्ये फॉन्टच दिसत नाहीत? २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो फक्त त्या युजरपुरता बसतो, आणि जुनी सॉफ्टवेअरं तिकडे बघतच नाहीत. फॉन्ट फाइलींवर राइट क्लिक करा, ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये जा आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा.

प्रिंटर

लेझर प्रिंटर नुसता ‘रिमूव्ह’ करून भागत नाही, ड्रायव्हर मागे राहतो. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबवरून ‘ड्रायव्हर अँड पॅकेज’ दोन्ही काढा. मग ६४ बिटचा ड्रायव्हर टाका आणि सेटअप मागेल तेव्हाच यूएसबी जोडा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ आहे. तो कोणी चालू केला असेल तर कंपन्यांचे ड्रायव्हर चालत नाहीत, म्हणून तो बंद आहे ना ते बघा. बिलाच्या डॉट मॅट्रिक्सला काहीच जमलं नाही तर ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर द्या. इंग्रजी बिलं छापली जातील, मराठी नाही.

सॉफ्टवेअरचं सॉफ्टवेअर जाणे

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचं काही चालत नाही. डॉसमधल्या फॉक्सप्रोवर लिहिलेली सोसायटीची जुनी खतावणी ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबमध्ये कितीही टिका मारल्या तरी उघडणार नाही. ती डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघा. तिथेही आधी डेटाची प्रत काढा आणि प्रतीवरच प्रयोग करा.

इंटरनेट एक्सप्लोरर मागणारी साइट विंडोजच्या एज ब्राउझरमधल्या ‘आयई मोड’मध्ये उघडते. तिथे टाकलेला पत्ता ३० दिवसांनी यादीतून उडतो, तेव्हा ‘कालपर्यंत चालत होतं’ असं वाटलं की आधी तेच बघा.

ग्रामपंचायतीतल्या डिजिटल सहीच्या टोकनला (सही साठवलेल्या यूएसबी किल्लीला) त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. त्यात ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ असं बटण दिसलं तर त्याला बोटही लावू नका, सही कायमची पुसली जाते. शेजारच्या विंडोज ७ वाल्या मशीनचं बिनपासवर्डचं शेअर फोल्डर उघडत नसेल तर त्या मशीनवर पासवर्ड असलेला युजर तयार करून त्याच नावाने आत जा.

आठव्या दिवशी निर्णय घ्या. धंदा ज्यावर चालतो ते एक यंत्र जरी अजून अडलेलं असेल तर ‘गो बॅक’ करा. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढ्यात नवी केबल किंवा प्रिंटर बघता येईल. परत फिरण्याआधी अपग्रेडनंतर केलेली बिलं पेन ड्राइव्हवर घ्या, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर यूपीएस धड चालतोय याची खात्री करूनच बटण दाबा. मध्येच लाइट गेली तर ना १० उरतं ना ११.