दुधाशिवाय चीजला तार कशी आणावी

भाची शिकायला म्हणून पुण्याला आमच्याकडे राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "मावशी, मी दूधदुभतं सोडलंय." चहाचा प्रश्न सोया दुधावर मिटला. तूप ती आधीही फारसं खात नव्हतीच. अडलं ते चीजपाशी, कारण शनिवारी रात्री आमच्याकडे गॅसवरच्या हाताच्या टोस्टरमध्ये चीज सँडविच होतं आणि त्याला सुट्टी नसते. तिनं महागाचं एक व्हीगन, म्हणजे दूध किंवा दुसरं काही प्राणिज नसलेल्या, चीजचं पाकीट आणलं. ते वितळलं नाहीच, वर जिभेला मेणबत्ती चाटल्यासारखं लागलं. मग आम्ही दोघींनी चार-सहा महिने घरीच प्रयोग केले. त्यांतलं जे टिकलं तेवढंच इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या पदार्थांना चालेल असं एकच व्हीगन चीज शोधू नका. आमचे पहिले दोन महिने त्यातच गेले. कुठल्या पदार्थात चीज काय काम करतं ते आधी बघा. सँडविचमध्ये ते वितळून काकडी-बटाट्याला धरून ठेवतं. पास्त्यावर किसलेलं चीज मुख्यतः मीठ आणि खमंगपणा देतं. ब्रेडला लावायचं मऊ चीज आंबटपणासाठी असतं. ही कामं वेगळी, म्हणून पर्यायही वेगळे.

यांतलं सगळ्यात अवघड काम वितळण्याचं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. चीजमध्ये या केसिनची कॅल्शियमनं बांधलेली जाळी तयार होते आणि तिच्यात स्निग्धांश अडकून राहतो. उष्णता लागली की जाळी सैल होते, ओढली की लांबते, म्हणून तार सुटते. काजू, बदाम, सोयाबीन यांच्या प्रथिनांना हे जमत नाही. त्यामुळे ती तार दुसऱ्या कशानं तरी आणावी लागते, आणि ती वस्तू आपल्या प्रत्येकाच्या फडताळात उपवासासाठी ठेवलेली असते.

साबुदाण्याचं वितळलेलं चीज

साबुदाण्याची खिचडी बिघडली की कशी होते ते आठवा. चिकट, चकचकीत, चमच्याला लोंबणारा गोळा. खिचडीत तो दोष, इथे आपल्याला नेमका तोच हवा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा स्टार्च. परदेशी पाककृतींत 'टॅपिओका स्टार्च' दिसला की तो शोधत ऑनलाइन हिंडू नका.

३० ग्रॅम साबुदाणा (साधारण अडीच मोठे चमचे) ३०० मिलिलिटर पाण्यात तीन-चार तास भिजवा. पाणी फेकायचं नाही. ६० ग्रॅम काजू वेगळ्या भांड्यात कढत पाण्यात अर्धा तास ठेवून निथळा. अख्खे काजू मुळीच घेऊ नका, वाटायचेच आहेत. तुकडा काजू स्वस्त पडतो आणि चवीत काही फरक नाही. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे झाड आणलं, पुढे कोकणभर पसरलं. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर तुकडा तिथूनच मागवा.

मिक्सरच्या लहान भांड्यात काजू आणि साबुदाणा थोड्या पाण्याबरोबर दोन मिनिटं फिरवा, थांबा, पुन्हा दोन मिनिटं फिरवा. मिक्सर तापला तर त्याला दम घेऊ द्या. बोटांत चोळून बघा, रवाळ लागलं तर अजून वाटा. इथे कंटाळा केला तर नंतर काहीही करून ती कचकच जात नाही. उरलेलं पाणी मिसळा आणि सगळं गाळून घ्या. आता पाऊण चमचा मीठ, चिमूटभर हळद (रंगापुरती, वास येईल इतकी नको), पाव चमचा लसूण पावडर आणि दीड मोठा चमचा न्यूट्रिशनल यीस्ट घाला.

जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ओता. ओतण्याआधी एकदा ढवळा, स्टार्च तळाशी बसलेला असतो. दोन-तीन मिनिटांत तळाला गुठळ्या धरतात आणि सगळं फाटल्यासारखं दिसतं. माझ्या भाचीनं पहिल्या वेळी इथेच गॅस बंद केला आणि कढई सिंकमध्ये ठेवली. तसं करू नका. ढवळत राहा. पाच-सहा मिनिटांत गुठळ्या एक होतात, मिश्रण चकाकतं आणि चमचा उचलला की लांब तार येते. मग एक मोठा चमचा रिफाइंड खोबरेल तेल घोटा, गॅस बंद करा आणि शेवटी एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. लिंबू आधी घातलं तर आंबटपणात शिजून स्टार्चची पकड ढिली पडते.

तेल खोबऱ्याचंच का? ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून गार झाल्यावर चीजला थोडा भरीवपणा येतो. मात्र रिफाइंडच घ्या. घाण्याच्या तेलाचा वास येतो, आणि चीज टोस्टला सोलकढीची आठवण यायला नको.

सँडविच करताना आधी हिरवी चटणी, मग बटाटा-कांदा-टोमॅटो, आणि हे चीज गरम असतानाच दोन्ही स्लाइसना. पिझ्झ्यावर मात्र सुरुवातीपासून घालू नका. दुधाच्या चीजमधून तूप सुटतं, तसं यातून सुटत नाही, म्हणून ते वरून वाळून पापडासारखं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत चमच्या-चमच्यानं टाका आणि वरून तेलाचे थेंब सोडा.

न्यूट्रिशनल यीस्टबद्दल थोडं. पावाचं यीस्ट आणि हे एकाच जातीचं, पण हे निष्क्रिय केलेलं असतं आणि त्याच्या पिवळ्या पापुद्र्यांना चीजसारखी खमंग चव असते. पावाचं यीस्ट त्याऐवजी घालू नका, ते कडू लागतं आणि पोटात गडबड करतं. मुरलेल्या चीजला जी भरीव चव येते ती मुख्यतः ग्लुटामेटची. तेच मशरूममध्ये आणि पिकलेल्या टोमॅटोतही असतं. त्यामुळे यीस्ट मिळालं नाही तर वाळवलेल्या मशरूमची पूड आणि चिमूटभर अजिनोमोटो चालतो. अजिनोमोटोला नाक मुरडणाऱ्यांनी पांढरा मिसो (सोयाबीन आंबवून केलेला जपानी लगदा) वापरावा, काम तेच आहे.

ब्रेडला लावायला: सोया दह्याचा चक्का

हे आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी फसणारं चीज. श्रीखंडासाठी चक्का बांधलेला असेल त्याला नवीन काही शिकायचं नाही.

बिनसाखरेचं एक लिटर सोया दूध कोमट करा, बोट सहज बुडवता येईल इतपत. त्यात प्रोबायोटिकच्या दोन कॅप्सूल उघडून आतली पूड मिसळा. लॅक्टोबॅसिलस असलेल्या कॅप्सूल हव्यात, नुसत्या यीस्टच्या नकोत. कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, ते फेकून द्या, आणि आतल्या पुडीत दूध नाही ना हे वेष्टनावर वाचा. मे महिन्यात आठ तासांत विरजण लागतं, डिसेंबरात बारा-चौदा तासही लागतात. पुढच्या वेळी याच दह्यातलं दोन चमचे विरजण पुरतं. बदामाच्या किंवा नारळाच्या दुधानं हा खटाटोप करू नका. त्यांत प्रथिनं कमी, दही पातळच राहतं.

दही मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये चाळणीत ठेवा. सकाळी चक्क्यात मीठ, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि चमचाभर तेल घालून फेटा. गुलाबी, केशरी किंवा काळा ठिपका दिसला, आंबटऐवजी कुजकट वास आला, तर चव न घेता टाकून द्या.

कापता येणारी वडी

हॉटेलात थंड सँडविचमध्ये असते तशी वडी हवी असेल तर चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर. ते समुद्री शेवाळापासून होतं, त्यात प्राणिज काही नाही. १०० ग्रॅम भिजवलेले काजू १०० मिलिलिटर पाण्यात मऊ वाटून त्यात वरच्यासारखंच मीठ-मसाला घाला. २५० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम अगरची पूड तीन मिनिटं खळखळून उकळा. पट्ट्या असतील तर आधी भिजवून, विरघळेपर्यंत जास्त वेळ उकळा. गॅस बंद करून वाटण आणि लिंबाचा रस भराभर मिसळा आणि तेल लावलेल्या डब्यात ओता. वाटण फ्रिजमधून काढलेलं नको. अगर चाळीस अंशांच्या आसपास गोठायला लागतं, थंड वाटण पडलं की जागच्या जागी गाठी होतात.

दोन तासांत वडी पडते, किसलीही जाते. वितळण्याची मात्र अपेक्षा ठेवू नका. अगर एकदा गोठलं की ८५ अंशांपर्यंत तसंच राहतं, टोस्टरमधून वडी गेली तशी परत येते.

वरून भुरभुरायला

याला पाककृती म्हणण्यासारखं काही नाही. भाजलेले काजू, न्यूट्रिशनल यीस्ट, मीठ, लसूण पावडर मिक्सरला एक झटका. पीठ करू नका, तेल सुटेल. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा पास्त्यावर तेलात परतलेला पावाचा चुरा घालायची रीत होती, तीही करून बघा. माझं स्वतःचं मत विचाराल तर टोमॅटोच्या पास्त्यावर सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी यांपैकी कशालाही ऐकत नाही. भाची याला फसवणूक म्हणते.

पनीरच्या जागी टोफू घेत असाल तर तुकडे करून कढत खारट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा आणि मगच भाजीत सोडा. आतपर्यंत मीठ जातं, कच्चट वास जातो.

विकतचं घेताना

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. दूध त्यात चालतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) २०२२ साली वेगळे नियम केले, त्यांचं चिन्ह म्हणजे हिरव्या रंगातलं व्ही हे अक्षर. ते बघा. 'लॅक्टोज-फ्री' चीज दुधाचंच असतं, त्यातली फक्त लॅक्टोज ही दुधाची साखर काढलेली किंवा फोडलेली असते. 'अ‍ॅनालॉग' शब्दावरही जाऊ नका. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, पण केसिन अनेकदा दुधाचंच. घटकांच्या यादीत सोडियम केसिनेट, व्हे पावडर किंवा मिल्क सॉलिड्स दिसले की पाकीट परत फळीवर.

आणि हे सगळं खाऊन चीजचं कॅल्शियम मिळतं असं समजू नका. काजूत ते जवळजवळ नाहीच. त्यासाठी नाचणी आणि तीळ आहेत. बी-१२ साठी मात्र गोळी किंवा बी-१२ मुद्दाम मिसळलेले पदार्थच लागतात. न्यूट्रिशनल यीस्टमध्येही ते मुळात नसतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच धरा.

साबुदाण्याचं चीज फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, पण थंड झाल्यावर त्याचा रबरासारखा गोळा होतो. ते खराब झालेलं नाही. कढईत दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर हलवा, तार परत येते.