बियाण्याच्या कायद्यात शेतकऱ्याने आपलं म्हणणं कुठे घालायचं

२०२० च्या खरिपात माझं चार एकर सोयाबीन उगवलंच नाही. पेरलेली तासं उकरून पाहिली तर दाणे फुगून कुजलेले. पिशवी, टॅग, पावती सगळं जपलं होतं, पंचनामाही झाला; भरपाई आली नाही. मग १९६६ चा बियाणे कायदा काढून वाचला. पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. शेतकऱ्याच्या भरपाईचं कलमच नाही. ते घालायचं तर दिल्लीतच घालावं लागेल, म्हणून ही वाट शिकले.

पहिली संधी मसुद्याची. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार मंत्रालयाने कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, सूचनांना ११ डिसेंबरपर्यंत मुदत होती. ‘शेतकऱ्याला न्याय द्या’ एवढंच लिहून पाठवू नका. कलमाचा नंबर लिहा, त्यातले शब्द उतरवा, खाली आपल्याला हवे ते शब्द लिहा: टॅगवर लिहिलेल्यापेक्षा उगवण कमी निघाली तर भरपाई कोणी आणि किती दिवसांत द्यायची. सोबत आपला अनुभव दोन ओळींत. मी टॅगचा फोटोही जोडला.

पुढे मंत्रिमंडळाची मंजुरी मिळते आणि विधेयक एका सभागृहात मांडलं जातं. तिथून ते खासदारांच्या समितीकडे जावं, यासाठी आपल्या खासदाराच्या मागे लागा. समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निवेदनं मागवते. निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत लागतं, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या पोरांना हाताशी धरा. समितीत कलमं खरंच बदलतात. पिकांच्या वाणांचं विधेयक १९९९ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, आणि २००१ च्या कायद्यात शेतकऱ्यांच्या हक्कांचं वेगळं प्रकरण आलं. ब्रँड न लावता आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, विकायचा हक्क कलम ३९ ने दिला तो तिथूनच.

२०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे गेलेच नाहीत. १४ सप्टेंबरला लोकसभेत मांडले, २० तारखेला त्यातले दोन राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, राष्ट्रपतींची सही होऊन २७ ला तिन्ही राजपत्रात आले. आमच्या गावात त्यांच्या बाजूचेही होते आणि विरोधातलेही. दोघांचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते रद्द करायचं विधेयक संसदेने मंजूर केलं, तेही चर्चेविना.

सभागृहात कलमवार मतदान होतं. कुठलाही खासदार दुरुस्ती सुचवू शकतो, म्हणून तुमचा कागद आधीच त्याच्या हातात असू द्या. मग दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची सही, राजपत्र.

विधेयक वाचताना ‘विहित केल्याप्रमाणे’ हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा. तिथला तपशील पुढे नियमांत ठरतो, आणि नियमांचा मसुदा निघाला की त्यावरही हरकती घ्यायच्या.