गिनी आणि कोंबड्या एका खुराड्यात नांदवायच्या तर

गिनी फाऊल (कोंबडीसारखाच पाळीव, पण ठिपकेदार पिसांचा पक्षी) कोंबड्यांत सोडल्या की पहिले काही महिने काहीच होत नाही. पाळणाऱ्याला वाटतं, लोक उगाच घाबरवत होते. मग नर वयात येतात, अंड्यांचा हंगाम सुरू होतो आणि एका सकाळी कोंबडा खुराड्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा दिसतो, पाठीवरची पिसं गायब. त्यामुळे शांततेची तयारी शांतता असतानाच करायची असते.

आधी या दोघांची भांडणं वेगळी का असतात ते समजून घ्या. दोन कोंबडे समोरासमोर येतात, मानेची पिसं फुलवतात, उडी मारून टाचेच्या काट्याने वार करतात. एकाने मान खाली घातली, बाजूला सरकला, की विषय मिटला. गिनी नराला टाचेचा काटाच नसतो आणि समोरासमोर उभं राहण्यात त्याला रसही नसतो. तो पळवतो. मागून किंवा बाजूने येऊन पाठीची पिसं चोचीत धरतो, उपटतो, पुन्हा मागे लागतो. गिनी आपापसांतही असंच भांडतात, पण दोघांचे पाय सारखेच चपळ असल्याने कुणाचं फारसं बिघडत नाही. कोंबड्याला मात्र धाप लागते. तो हरलो म्हणून थांबतो, आणि गिनीला त्याचं हरणं कळतच नाही. भरीला एकाने पाठलाग सुरू केला की बाकीचे नर हौसेने सामील होतात.

म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: पळणाऱ्याला दिसेनासं होता आलं पाहिजे. खुराड्याला एकच दार असेल तर दुसरं पाडा, शक्यतो समोरच्या भिंतीत. एका दारात गिनी नर उभा राहिला तरी कोंबड्यांना दुसरीकडून बाहेर पडता येतं. आवारात भिंतीला तिरक्या टेकवलेल्या फळ्या, झुडपं, पालथा खोका असे आडोसे ठेवा. प्रत्येक आडोशाला दोन तोंडं हवीत, नाहीतर तो सापळा होतो. खाद्याची आणि पाण्याची भांडी निदान दोन-दोन ठेवा, आणि एका भांड्यापासून दुसरं दिसणार नाही अशी. दोन्ही भांडी एकाच भिंतीला शेजारी ठेवली तर एकच गिनी दोन्हीवर राज्य करते. आतली जागा पक्ष्यामागे चार चौरस फुटांपेक्षा कमी नको. बसायच्या दांड्यांबाबत वाद घालू नका, सगळ्यात वरची दांडी गिनीच घेणार. खालच्या दांड्या तिच्या बरोबर खाली न लावता पायऱ्यांसारख्या पुढे लावा, म्हणजे वरची विष्ठा कोंबड्यांच्या अंगावर पडत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट नरांची संख्या. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरे. पण गिनीमध्ये नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच. नराच्या चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्या मोठ्या असतात, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. आवाज ऐका. दोन सुरांची हाक, दुसरा सूर वर चढणारा, ही फक्त मादी देते. नर एकसुरी ‘ची-ची-ची’ करतो. बिथरलेली मादीही एकसुरी ओरडते, त्यामुळे एकसुरी आवाज ऐकून नर ठरवू नका. दोन सुरांची हाक ऐकली की त्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडी घाला. बरेच दिवस ऐकूनही जे बिनकडीचे राहतील ते नर. पिल्लं सुमारे दोन महिन्यांची झाली की ही हाक ऐकू येऊ लागते. (कलकलाटावर उपाय विचारू नका. नाही. शेजार लागून असेल तर हा पक्षी आणूच नका.)

एकटी गिनी ठेवू नका. ती कोंबड्यांच्या मागे मागे फिरते आणि दिवसभर हाका मारत राहते. निदान पाच-सहा हव्यात.

सुरुवात कशी करायची? गिनीची अंडी उबवायला माझी पसंती खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीला. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनीचं २६ ते २८. चांगली खुडूक कोंबडी जास्तीचा आठवडा काढते. रोज एकदा उठवून तिला दाणापाणी द्यायचं एवढंच. दोन्ही अंडी एकत्र ठेवायची असतील तर आधी गिनीची ठेवा, आठवड्याने कोंबडीची. अशी वाढलेली पिल्लं आईमागे संध्याकाळी खुराड्यात शिरायला शिकतात, आणि पुढे हीच सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते. गिनी मादीच्या भरवशावर पिल्लं सोडू नका. ती त्यांना ओल्या गवतातून ओढत नेते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत भिजलेलं पिल्लू सहसा जगत नाही. एक तोटाही सांगून ठेवतो: कोंबडीखाली वाढलेला गिनी नर पुढे कोंबड्यांवर हक्क सांगू शकतो. क्वचित संकरित पिल्लंही होतात, पण ती वांझ असतात.

पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यात खडे टाका. ती फार लहान असतात आणि उथळ पाण्यातही बुडतात. खाली कागद अंथरू नका, त्यावर पाय घसरून फाकतात. त्यांना सुरुवातीला २४ ते २६ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त. एकत्र वाढवताना मी पहिले काही आठवडे सगळ्यांना गिनीचंच खाद्य देतो. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र कुठल्याच पिल्लाला नको, त्यातला कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

मोठ्या गिनी विकत आणल्या तर महिनाभर अगदी वेगळ्या ठेवा. राणीखेतसारखा साथीचा रोग आणि जंत इकडून तिकडे जातात. त्यानंतर खुराड्यातच मध्ये जाळी लावून सहा ते आठ आठवडे कोंडून ठेवा, दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघू द्या. घाई केली तर त्या पहिल्याच दिवशी निघून जातात. बाहेर सोडताना एकदम सगळ्या सोडू नका. थोड्या सोडा, बाकीच्या आतून हाका मारतील आणि सुटलेल्या त्यांच्याभोवतीच घुटमळतील. सोडायची वेळ संध्याकाळच्या दाण्याच्या थोडी आधीची. मुठीत बारीक धान्य आणि तोंडात रोज एकच हाक ठेवा. अंधाऱ्या खुराड्यात गिनी शिरत नाही, दारातच अडून बसते, आणि तिच्यामुळे कोंबड्याही खोळंबतात. दिवेलागणीला आत एक मंद बल्ब लावला की निम्मा तंटा मिटतो. सगळ्या आत गेल्यावर तो बंद करा.

आता हंगामातलं. मारामारी बहुतेक सकाळी दार उघडल्या उघडल्या होते. म्हणून गिनी आधी सोडा, त्या चरत लांब गेल्या की पंधरा-वीस मिनिटांनी कोंबड्या. तरीही पाठलाग थांबत नसेल तर म्होरक्या कोण ते हेरा. सहसा एकच असतो. रात्री अंधारात गिनीला फारसं दिसत नाही, तेव्हा त्याला दांडीवरून उचला. पायाला धरून कधीही नाही, गिनीचा पाय सहज निखळतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून अख्खं अंग धरायचं. आठवडाभर त्याला नजरेआड ठेवलं की मागे कोण वर, कोण खाली याची नवी उतरंड लागते आणि परतल्यावर त्याचा तोरा उतरलेला असतो. परतूनही त्याने तेच केलं तर तो नर कळपातून कायमचा काढा. पाठ उघडी पडलेली कोंबडी दिसली तर तिलाही लगेच वेगळी करा, कारण रक्त दिसलं की तिच्याच जातीच्या कोंबड्या टोचायला लागतात. पिसं भरून आल्याशिवाय तिला परत सोडू नका.

कोंबडे एकाहून जास्त असतील तर हंगामापुरती मधली जाळी पुन्हा लावणं सगळ्यात सोपं. दोन्हीकडे वेगळं दार, वेगळं पाणी, आणि संध्याकाळचा दाणा मात्र एकाच हाकेवर, म्हणजे हंगाम सरल्यावर जाळी काढली तरी रोजची वहिवाट मोडत नाही.