पाण्यात विरघळणारे औषध कणांत कोंडताना: दुहेरी इमल्शनची कृती

दूध म्हणजे पाण्यात विखुरलेली चरबी, तर लोणी म्हणजे चरबीत अडकलेले पाण्याचे थेंब, हे आपल्याकडे ताक घुसळणाऱ्या घरात वाढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रवांच्या अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. लोण्यासारख्या मिश्रणाचेच बारीक थेंब करून ते पुन्हा पाण्यात विखुरले, की दुहेरी इमल्शन तयार होते. पाण्यात सहज विरघळणारी औषधे साध्या पद्धतीने पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) कणांत टिकत नाहीत, ती बाहेरच्या पाण्यात निघून जातात; म्हणून हा खटाटोप. १९८९ साली अमेरिकेत मंजूर झालेले ल्युप्रोलाइड या प्रोस्टेट कर्करोगावरील औषधाचे महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन याच तत्त्वावर बनते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून एम.फार्म.चा (औषधनिर्माणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीचा) प्रकल्प घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या सरावासाठी व्हिटॅमिन बी-१२ देतो. ते पाण्यात विरघळते आणि तांबडे असते, त्यामुळे औषध कुठे आहे हे डोळ्यांनी दिसते. ते प्रकाशाने बिघडते, म्हणून भांड्यांना अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी.

आदल्या दिवशी १ टक्का पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे (थेंब एकमेकांत मिसळू न देणाऱ्या पदार्थाचे) ४० मिली द्रावण करावे. त्याची पूड थेट गरम पाण्यात टाकल्यास गुठळ्या होतात. ती गार पाण्यात भिजवून, ढवळत ८० अंशांपर्यंत तापवावी आणि थंड झाल्यावर गाळून घ्यावी. दुसऱ्या दिवशी २०० मिग्रॅ पीएलजीए (शरीरात हळूहळू झिजणारा पॉलिमर) ४ मिली डायक्लोरोमिथेन या लवकर उडणाऱ्या द्रावकात, तर ५ मिग्रॅ बी-१२ अर्धा मिली पाण्यात विरघळवावे. डायक्लोरोमिथेनचे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) करावे. हा द्रावक साध्या नायट्राइल (कृत्रिम रबराच्या) हातमोज्यांतून थोड्याच वेळात आरपार जातो, म्हणून हातावर सांडताच मोजे बदलावेत.

आता बी-१२चे पाणी पॉलिमरच्या द्रावणात घालून भांडे बर्फात ठेवावे आणि प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब बारीक करणारी सळई) मधूनमधून थांबवत एकूण ३० सेकंद चालवावा. मिश्रण एकसारखे, अपारदर्शक गुलाबी दिसले पाहिजे. तळाशी किंवा वर तांबडा थर वेगळा होत असेल तर पुढे जाऊ नये, कारण या प्राथमिक इमल्शनची कसर नंतर कशानेही भरून निघत नाही. आतले पाणी जिलेटिनने किंचित घट्ट केल्यास थेंब एकमेकांत मिसळण्याचे प्रमाण कमी होते.

दुसरी पायरी मात्र बेताने करावी, आणि इथेच हात सैल सुटतो. हे मिश्रण बारीक धारेने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या द्रावणात सोडून होमोजिनायझर (वेगाने घुसळणारे यंत्र) मध्यम वेगाने एक-दोन मिनिटेच चालवावा. कण बारीक व्हावेत म्हणून वेग आणि वेळ वाढवली, तर बाहेरचे थेंब फुटून आतले पाणी बाहेर मिसळते. एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे: मोठ्या थेंबाच्या पोटात छोटे ठिपके दिसले म्हणजे काम साधले. कण तळाशी बसल्यावर वरचे पाणी लालसर दिसले, तर औषध निसटले आहे.

त्यानंतर तीन-चार तास उघड्या भांड्यात मंद ढवळत डायक्लोरोमिथेन उडू द्यावे. ते सुमारे ४० अंशांना उकळते, तरी घाईने तापवू नये. वेगाने उडाल्यास कणांत छिद्रे पडतात. मागच्या जुलैत, ऐन पावसात वीज गेली आणि ढवळणी थांबली. अर्ध्या तासात कण तळाशी बसून एकमेकांना चिकटले आणि त्यांचा गोळा झाला. तेव्हापासून मी ढवळणी यूपीएसवरच लावतो, आणि तुम्हीही तसेच करावे.

आतल्या पाण्यात मीठ किंवा औषध जास्त असेल, तर बाहेरचे पाणी आत ओढले जाऊन कण फुगतात. बाहेरच्या द्रावणातही मीठ घालून दाब सारखा करता येतो. कण सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवून), तीनदा पाण्याने धुऊन गोठवून वाळवावेत. कणांवरून काढलेल्या आणि धुतलेल्या पाण्यातील बी-१२ हे ३६१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजून एकूण मात्रेतून वजा केले, की आत किती उरले हे कळते.

औषध बाहेर पडण्याच्या चाचणीसाठी कण ३७ अंशांना, ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवावेत आणि प्रत्येक नमुना काढल्यावर तेवढेच ताजे बफर घालावे. पहिल्याच दिवशी बरेच औषध सुटले, तर ते पृष्ठभागाजवळ साचले होते, असे समजून दुसऱ्या पायरीचा वेग तपासावा. उरलेले औषध पॉलिमर झिजत जाईल तसे आठवड्यांगणिक बाहेर येते.