तालमीतला मल्ल रग्बी लीगचा फॉरवर्ड कसा होईल

कुंडलच्या कुस्ती मैदानाची स्वप्ने पाहत वाढलेल्या सांगलीकडच्या मल्लाला रग्बी लीगमध्ये फॉरवर्ड, म्हणजे चेंडू घेऊन धडका देणारा आणि समोरच्याला पाडणारा दणकट गडी, व्हायचे असेल, तर मांड्यांतली ताकद आणि पट काढण्याची सवय त्याच्या कामी येते. मात्र समोरचा चीत झाला की कुस्ती निकाली, ही समजूत त्याला आखाड्यातच ठेवून यावी लागते. १३ जणांच्या या खेळात चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून पाडेपर्यंत चेंडू त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे गडी पाडल्यावरच फॉरवर्डचे खरे काम सुरू होते.

टॅकल करताना नजर कमरेवर ठेवावी, खांदा मांडीला भिडवावा, दोन्ही हातांनी पाय आवळावेत आणि डोके चेंडूवाल्याच्या मागच्या बाजूला त्याच्या अंगाला चिकटलेले राहील हे कटाक्षाने पाहावे. डोके पुढून आडवे गेले तर त्याचा गुडघा थेट कपाळावर बसतो. रेफ्रीने ‘हेल्ड’, म्हणजे टॅकल पूर्ण झाले, असे पुकारताच पकड सोडावी. मल्लाचा हात सवयीने तिथेच रेंगाळतो आणि फुकटची पेनल्टी जाते.

त्यानंतर पाडणाऱ्या संघाचे दोघे चेंडूसमोर उभे राहतात, त्यांना मार्कर म्हणतात, आणि त्या संघातल्या बाकीच्यांना १० मीटर मागे जावे लागते. म्हणून जोडीदाराला पाडणे, उठणे, उलट पावली १० मीटर मागे जाणे आणि पुन्हा पुढे येऊन पाडणे, असा सहा टॅकलचा फेरा मऊ मैदानावर आधी सावकाश, मग वेगाने करावा. बैठकांनी मांड्या तयार होतात, पण ८० मिनिटांच्या सामन्याचा दम या फेऱ्यांतूनच येतो, असे माझे ठाम मत आहे.

कर्णधार होऊ पाहणाऱ्याने याच फेऱ्यात बोलायला शिकावे: टॅकल मोठ्याने मोजावेत, बचावाची ओळ एकदम पुढे काढावी, आणि रेफ्रीशी एकट्याने, शांतपणे बोलावे. इंग्लंडमधल्या लीड्स संघाचा केव्हिन सिनफिल्ड १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी पहिल्या संघातून खेळला, पुढे लूझ फॉरवर्ड (फॉरवर्डांमध्ये सर्वांत मागे खेळणारा) म्हणून नावारूपाला आला आणि २००४ ते २०१५ या काळात त्याच्या नेतृत्वाखाली संघाने हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या सात ग्रँड फायनल जिंकल्या. इतकी वर्षे संघाने ऐकावे असा आवाज सरावातच कमवावा लागतो.

एक अधिकार मात्र कर्णधाराने पहिल्या दिवसापासून वापरावा: डोक्याला मार लागून सहकाऱ्याचा तोल जात असेल, तर तो कितीही नाही म्हणाला तरी त्याला लगेच बाहेर पाठवावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये.